कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी

भाऊ न्यू जर्सीत, फ्लॅट कोथरूडला आणि गिऱ्हाईक दारात, अशा घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तू नुसती पॉवर पाठव, बाकीचं मी बघतो.’ पॉवर म्हणजे कुलमुखत्यारपत्र, आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद; तो अधिकार ज्याला मिळतो तो मुखत्यार. यातलं ‘बाकीचं’ म्हणजे नेमकं काय, हे सहीआधी कागदावर उतरवणं हीच खरी तयारी. भारतीय करार कायदा, 1872 च्या दहाव्या प्रकरणात, कलम 182 ते 238 मध्ये, अधिकार देणारा, त्याच्या वतीने वागणारा आणि समोरचा त्रयस्थ या तिघांचे व्यवहार मांडलेले आहेत. त्रयस्थाला तुमच्या मनातलं कळत नाही, त्याला दिसतो तो कागद आणि तुमचं वागणं. कलम 237 त्याच्याच बाजूने उभं राहतं. समजा परदेशातले मालक तुम्ही आहात. ‘85 लाखांच्या खाली देऊ नकोस’ हे इथल्या मुखत्यार भावाला फोनवर सांगितलंत आणि कागदात ‘मुखत्यारास योग्य वाटेल त्या किमतीस’ असं राहिलं, तर प्रामाणिक गिऱ्हाइकाशी झालेला 78 लाखांचा सौदा तुम्हाला बांधील होऊ शकतो. भावाशी काय ते नंतर भांडा.

म्हणून आधी कच्चा मसुदा स्वतः लिहा. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्त-गोषवाऱ्यावर, आहे तसंच्या तसं घ्या. मग एकेक काम वेगळं काढा: साठेखत (विक्रीआधीचा करार), खरेदीखतावर सही, दुय्यम निबंधकांसमोर (नोंदणी अधिकाऱ्यासमोर) कबुली, सोसायटीकडून कागद घेणं, ताबा देणं. ‘यासाठी आवश्यक ते सर्व’ हे कलम 188 मुळे ओघानेच येतं खरं, पण नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत कलम 188 वाचून दाखवायला कोणी थांबत नाही, आणि कोर्टही असा कागद काटेकोरच वाचतं. किमान किंमत लिहायचीच. पैसे तुमच्याच अमुक खात्यात जमा होतील हेही लिहा. ‘मोबदला स्वीकारणे’ एवढंच मोघम सोडू नका. मुखत्याराने पुढे दुसऱ्याला अधिकार द्यायचा नाही, हे कलम 190 चं मूळ तत्त्व आहेच, तरी तयार नमुन्यात त्याला परवानगी देणारी ओळ हमखास घुसलेली असते. ती शोधून खोडा. शेवटी मुदत टाका.

तुम्ही भारतात राहत असाल आणि मुखत्यार दस्त नोंदणीला सादर करणार असेल, तर नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 33 प्रमाणे सही निबंधक किंवा दुय्यम निबंधकांपुढे व्हायला हवी. कोपऱ्यावरच्या नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही. परदेशात असाल तर तिथली नोटरी किंवा भारतीय वाणिज्य दूतावास चालतो. बाहेर केलेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. भाऊ, बहीण, मुलगी अशा जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार दिला तर 500 रुपये. परक्याला दिला तर मात्र खरेदीखताइतकं शुल्क.

मुखत्याराची तयारी छोटी पण कडक. प्रत्येक सहीखाली ‘अमुक तर्फे कुलमुखत्यार’ लिहायचं. मालकाचं नाव लपवून नुसती स्वतःची सही ठोकली, तर करार कायद्याच्या कलम 230 खाली जबाबदारी स्वतःच्याच गळ्यात पडू शकते. फुकट राबतोय म्हणून सूट नाही. मालकाने मागितला की हिशोब द्यावाच लागतो. आणि स्वस्तात मिळतोय म्हणून तोच फ्लॅट बायकोच्या नावावर घ्यायचा मोह असेल, तर मालकाला आधी सगळं सांगून त्याची लेखी संमती घ्या. लपवलंत तर तो सौदाच नाकारू शकतो.

घेणाऱ्याने झेरॉक्सवर भागवू नये, मूळ कागद बघावा. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्यावं. नोंदणीच्या वेळी मुखत्याराचं घोषणापत्र लागतं: लिहून देणार हयात आहेत, पत्र रद्द झालेलं नाही. ते छापील म्हणून डोळे मिटून पुढे सरकवलं जातं, पण सगळ्या फायलीत निवांत वाचावा असा कागद तोच. ‘खरेदीखत नको, पॉवरवरच व्यवहार करू’ असं कोणी सुचवलं तर उठून या. सूरज लॅम्प प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की त्याने मालकी मिळत नाही.

आता आईवडिलांचं. आईला विसरायला होऊ लागलंय, म्हणून ‘पुढे लागेल’ या विचाराने घरोघरी पत्र करून ठेवतात. गोची अशी की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी. अमेरिकेत भान गेल्यावरही टिकणारी पॉवर करता येते, त्यामुळे तिकडच्या मुलांना हे पटतच नाही. विकायचं असेल तर आई स्वतः समजून सही करू शकते तोवर विका. ठेवायचं असेल तर मृत्युपत्र, नामनिर्देशन, जोडखातं यांच्या मागे लागा. मृत्यूनेही मुखत्यारी संपते. तेराव्यानंतर जुनं पत्र काढून बँकेत जाऊ नका.

रद्द करायची तयारी पहिल्याच दिवशी ठेवावी, कारण कलम 208 प्रमाणे मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरता आणि त्रयस्थाला कळेपर्यंत त्याच्यापुरता अधिकार चालूच राहतो. कागद कोणाकोणाला दाखवला त्यांची नावं लिहून ठेवा: सोसायटी, बँक, दलाल, बयाणा दिलेलं गिऱ्हाईक. वेळ आली की नोंदणीकृत रद्दपत्र करा, या प्रत्येकाला पोच घेऊन पत्र द्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि मूळ प्रत परत मागा. पुनर्विकासात बिल्डर करारासोबत पत्र घेतो, त्याचं गणित निराळं. त्याचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत गुंतलेला असेल, तर कलम 202 मुळे त्या हितसंबंधाला बाध येईल अशा रीतीने पत्र एकतर्फी मागे घेता येत नाही. नुसतं ‘रद्द न होणारे’ असं शीर्षक छापल्याने मात्र तसं होत नाही. म्हणून सोसायटीच्या सभेत सही करण्याआधी वकिलाला एवढंच विचारा की बिल्डरचा हा हितसंबंध करारातल्या कोणत्या कलमात लिहिलाय, आणि काम अर्धवट राहिलं तर तो कधी सुटतो.