द्राक्षावर डावणी आणि भुरी: या चुका टाळा

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस रेंगाळला की सगळीकडे एकच प्रश्न, पानावर डाग आलेत काय मारू? अहो डाग दिसला म्हणजे रोग आत शिरून काही दिवस झालेत, आता फवारणार ते शेजारच्या निरोगी पानासाठी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डावणी आणि भुरी या दोन्ही रोगांना एकच औषध. डावणी खरी बुरशी नाहीच, शेवाळाच्या जवळची आहे, तिचे बीजाणू ओल्या पानावर चक्क पोहत जातात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत घुसतात, म्हणून वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव, आणि म्हणूनच फवारा पानाच्या खाली पोचलाच पाहिजे. भुरीला पानावर पाणी लागतच नाही, ढगाळ दमट हवा पुरते, ती वरच पसरते आणि फक्त वरच्या थरातल्या पेशींतून रस ओढते. गंधक भुरीवर चालतं, डावणीवर नाही. मेटालॅक्झिल या औषधाचं बरोबर उलटं.

दुसरं, "माझा खुंट डॉगरिज आहे, मला टेन्शन नाही." खुंट म्हणजे ज्यावर कलम केलंय तो खालचा मुळांचा भाग, तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, वरचं पान थॉम्पसनचंच ना, म्हणजे युरोपियन द्राक्षाचं! डावणी मूळ अमेरिकेची, युरोपात 1878 ला फ्रान्समधे दिसली, तोवर युरोपियन द्राक्षाची तिच्याशी गाठच पडली नव्हती. अमेरिकेतल्या कित्येक रानवेली रोग घुसला की तिथल्या पेशी स्वतःच मारून टाकतात, आणि डावणीला जगायला जिवंत पेशीच लागते, म्हणजे उपासमार. आपला वेलही रेस्व्हेराट्रॉलसारखी रोगाशी लढणारी द्रव्यं बनवतो पण कमी आणि उशिरा.

युरिया देऊन वेल हिरवागार केला, बगलफुटी (पानाच्या बगलेतून येणारे फुटवे) काढल्या नाहीत, की पानं लुसलुशीत आणि आत हवा नाही. यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहितीये तरी करतात.

अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन हे बुरशीनाशक चांगलं लागू पडलं म्हणून परत परत तेच मारणंही महागात पडतं, ते रोगाच्या पेशीत एकाच जागी घाव घालतं, रोगात तेवढा एक बदल झाला की औषध बाद. मॅन्कोझेब बऱ्याच जागी मारतं म्हणून टिकून आहे, पण ते स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या वरवरच काम करणारं, पाऊस यायच्या आधी पानावर हवं.

भुरीसाठी फुलोऱ्यापासून मणी धरल्यानंतरचे तीन-चार आठवडे डोळ्यात तेल घालून बघा, नंतर मण्याला नवीन लागण सहसा होत नाही, घडाचा देठ मात्र पुढेही नाजूकच.