स्कॉफेल पाइक चढताना या चुका टाळा : सह्याद्रीतल्या सवयी इथे कुठे नडतात

स्कॉफेल पाइकची उंची ९७८ मीटर. कळसूबाईच्या १,६४६ मीटरची सवय असलेल्याला हा आकडा किरकोळ वाटतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या या सर्वोच्च डोंगरावर होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ याच समजुतीत असतं. उंची समुद्रसपाटीपासूनची असते, पण पायांना चढावी लागते ती पायथ्यापासूनची. वॉझडेल हेडचा पायथा समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही वर नाही, त्यामुळे चढ साधारण ९०० मीटरचा पडतो. बारी गावातून कळसूबाईला जातानाही जवळपास तेवढंच चढावं लागतं. इथे मात्र शिड्या नाहीत, रेलिंग नाही, दगडावर रंगवलेले बाण नाहीत, वाटेत सरबताची टपरी नाही आणि वाट दाखवायला गावातलं कुणी बरोबर येत नाही. जे लागेल ते सगळं आपल्या सॅकमध्ये आणि आपल्या डोक्यात असायला हवं.

वेळेचा अंदाज अंतरावरून बांधणं

वॉझडेलहून ब्राउन टंगमार्गे जाणारी वाट एका बाजूनं जेमतेम साडेचार किलोमीटरची आहे. तेवढ्यावरून ‘तीन तासांत जाऊन येऊ’ असा हिशोब केला की तो हमखास चुकतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजूनही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या वाटेसाठी नुसतं वर पोचायलाच सुमारे अडीच तास होतात, तेही न थांबता. विश्रांती, खाणं, माथ्याजवळचे धोंडे आणि उतराई धरून पाच-सहा तास ठेवा. मोठा गट असेल तर सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं हिशोब करा आणि शेवटी चालायला एक अनुभवी माणूस नेमा.

डोंगरापलीकडच्या बोरोडेल दरीतल्या सीथवेटहून कॉरिडॉर रूटनं गेलात तर जाऊन-येऊन १४-१५ किलोमीटर होतात. देखणी वाट आहे, एका ठिकाणी छोटा रॉकपॅचही लागतो. तिच्यासाठी सात तास हाताशी ठेवा. स्टाय हेड खिंडीत, जिथे बचाव पथकाची स्ट्रेचरची पेटी आहे, तिथे वाटा फुटतात. गप्पांच्या नादात चालत राहिलात तर पाय वॉझडेलच्या उताराला लागतात. म्हणून पेटीपाशी थांबून नकाशा बघायचाच.

डिसेंबरमध्ये इथे चारच्या आतच सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि आदल्या आठवड्याच्या हिशोबानं निघालेले लोक अंधारात अडकतात. हेडटॉर्च जूनमध्येसुद्धा घ्या, प्रत्येकाचा वेगळा. मोबाइलचा दिवा हा टॉर्च नव्हे.

पाऊस अंगावर घेणं

सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला भिजायचंच असतं. तिथला पाऊस वीस-बावीस अंशांचा, भिजलं तरी चालताना अंग गरम राहतं. इथे तसं करणं जिवावर बेतू शकतं. सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वर बघितलेल्याला त्याचं अप्रूप नाही. धोका पाण्याच्या मापात नसून ओल, गारठा आणि वारा एकत्र येण्यात आहे.

हिशोब करून बघा. दरीत १४ अंश असतील तर माथ्यावर ८ अंशांच्या आसपास भरतील. त्यात ताशी ४० मैलांचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते २ अंशांसारखं लागतं. आता त्याच वाऱ्यात सुती टी-शर्ट आणि जीन्स ओली आहे असं समजा. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब खेचून घेतं. जीन्स तर दिवसभरात वाळत नाही.

म्हणून आत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, आणि शिवणींवर टेप असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट. वॉटरप्रूफ पँट घरी ठेवू नका. मांड्या भिजल्या की चाल मंदावते आणि माणूस आणखी गारठतो. टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही हवेत. कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्यात उडून जातं, त्याच्यावर विसंबू नका. रेनकोट भिजल्यावर नाही, भिजण्याआधी चढवायचा. ही शिस्त गटातल्या म्होरक्यानं लावायची असते.

हवामान बघताना केझिक गावाचा अंदाज बघून निघणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. लेक डिस्ट्रिक्ट वेदरलाइन, एमडब्ल्यूआयएस (माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस) किंवा मेट ऑफिस या ब्रिटनच्या हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा अंदाज बघा. त्यात माथ्याच्या उंचीवरचा वारा, ढगांचा तळ आणि तापमान दिलेलं असतं. झोत ताशी ४० मैलांवर जाणार असतील तर धोंड्यांवर तोल सांभाळणं कठीण होतं. ५० म्हटलं असेल तर त्या दिवशी दरीतली वाट धरा, डोंगर कुठे पळून जात नाही.

ओढ्यांचंही ध्यान ठेवा. ब्राउन टंगच्या वाटेवर लिंगमेल गिल ओलांडावा लागतो. सकाळी दगडांवरून सहज पार केलेला ओढा दुपारच्या पावसानंतर गुडघ्यावर चढतो. पाणी गढूळ होऊन दगड झाकले गेले असतील तर उडी मारून बघू नका. पाऊस थांबल्यावर हे ओढे पटकन उतरतात, थांबा किंवा दुसरी वाट घ्या.

माथ्यावरून भलत्याच दिशेला उतरणं

या डोंगरावर सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. माथा म्हणजे हिमानं फोडलेल्या धोंड्यांचं विस्तीर्ण पठार. धोंड्यांवर पाऊलवाट उमटत नाही. दगडांच्या ढिगाऱ्यांचे केर्न आहेत, पण येणारे-जाणारे हौसेनं नवे रचत राहतात, त्यामुळे केर्न दिसला म्हणजे वाट बरोबर आहे असं होत नाही. आणि ढग उतरला की वीस पावलांवरचं दिसत नाही.

माथ्यावरून तीन मुख्य वाटा उतरतात. वायव्येला लिंगमेल खिंड : वॉझडेल आणि कॉरिडॉर रूट दोन्हींसाठी हीच. ईशान्येला ब्रॉड क्रॅगची खिंड, पुढे एस्क हाउज. नैर्ऋत्येला मिकलडोरची खिंड. धुक्यात दगडी चौथऱ्याभोवती फोटो काढत दोन फेऱ्या मारल्या की दिशेचं भान जातं आणि ज्या बाजूला माणसं चाललेली दिसतात तिकडे गट वळतो. ती माणसं एस्कडेलला निघालेली असू शकतात. चुकीच्या दरीत उतरलात तर गाडी डोंगरापलीकडे राहते. बोरोडेल ते वॉझडेल रस्त्यानं दीड तासाहून जास्त लागतो.

उपाय साधा आहे. माथ्यावर पोचल्या पोचल्या, फोटोआधी, नकाशावर परतीची दिशा होकायंत्रानं घेऊन ठेवा. मोबाइल होकायंत्राजवळ धरू नका, कव्हरमधलं चुंबक सुई हलवतं. निघताना एकानं दिसेल तितकं पुढे जायचं, मागच्यानं त्याला रेषेत आणायचं, मग सगळ्यांनी त्याच्यापर्यंत चालायचं. वेळ लागतो, पण वाट चुकत नाही.

लिंगमेल खिंडीजवळ पिअर्स गिल नावाची खोल घळ सुरू होते, आणि इथून लोकांना बाहेर काढायची वेळ बचाव पथकावर वारंवार येते. कारण समजून घ्या. घळीच्या तोंडाशी उतार सौम्य असतो, पायाखाली मळलेलं दिसतं आणि समोर दरी खुणावते. सह्याद्रीतल्या ढोरवाटेसारखीच ही फसवणूक. पुढे घळ अरुंद होते, दोन्ही बाजूंना कातळकडे येतात आणि धबधब्याच्या टप्प्यापाशी पुढे जाता येत नाही. आलेला ओला कातळ परत चढणंही जमत नाही. नियम एकच : हातांचा आधार घेऊन उतरावं लागत असेल आणि चढताना तसं काही लागलं नसेल, तर वाट चुकलेली आहे. शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत परत चढा. दमलेल्या गटाला हे जड जातं, पण खाली उतरणं तिथेच थांबवायला हवं.

मिकलडोरहून समोर स्कॉफेल हा शेजारचा वेगळा डोंगर दिसतो, अगदी हाताच्या अंतरावर. मधल्या ब्रॉड स्टँडच्या कातळावरून ‘पटकन जाऊन येऊ’ म्हणू नका. सह्याद्रीत कातळटप्पे सहज करणाऱ्यांनाही हाच मोह होतो. हा दोराचा टप्पा आहे, तिथे जीवघेणे अपघात झाले आहेत.

ॲपवरच्या रेषेवर विश्वास

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर हिरवी तुटक रेघ म्हणजे चालण्याचा कायदेशीर हक्क. जमिनीवर वाट असेलच असं नाही. प्रत्यक्षात दिसणारी वाट काळ्या तुटक रेघेनं दाखवतात. हा फरक माहीत नसल्यानं लोक नसलेली वाट शोधत गवताळ उतारावर भरकटतात. स्कॉफेल पाइकसाठी ओएल ६ हा नकाशा घ्या. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण वॉझडेलमध्ये नेटवर्कचा भरवसा नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्यानं उतरते आणि ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही.

धोंड्यांवरची चाल

इथला खडकही आपल्यासारखाच ज्वालामुखीचा. कोरडा असताना उत्तम पकड देतो, पण ओला झाला की त्यावरचं दगडफूल साबणासारखं होतं. धोंड्याच्या कडेवर नाही, मधोमध पाय टाका. उड्या मारू नका. ट्रेकिंग पोल इथे आवरून ठेवा, टोक फटीत अडकलं की माणूस पुढे फेकला जातो. बुटांच्या तळाची नक्षी झिजली असेल तर ते दरीतल्या फिरण्याला ठेवा.

बर्फ असेल तर गणित वेगळं. बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे काटे) वापरायला शिकल्याशिवाय माथ्याकडे जाऊ नका. एप्रिलमध्येही घळींत कडक बर्फ सापडतो. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्समधले सर्वोच्च डोंगर, म्हणजे बेन नेविस, स्कॉफेल पाइक आणि स्नोडन, चोवीस तासांत करणाऱ्यांच्या वाट्याला हा मधला डोंगर बहुधा रात्री येतो. झोप नाही, ढग आहे आणि गाडी थांबून आहे, अशा वेळी माथा सोडून देण्याची तयारी आधीच ठरवून ठेवा.

तरीही अडकलात तर

कुणी थरथरतंय, अडखळतंय, शब्द जड येताहेत किंवा उगाच चिडचिड करतंय, तर ते नुसतं दमणं नाही, हायपोथर्मिया असू शकतो, म्हणजे गारठ्यानं अंगाचं तापमान धोकादायक उतरणं. आडोशाला बसवा, खाली सॅक ठेवा, ओले कपडे बदला, शुद्धीवर असेल तर गोड खायला द्या. चिक्की, गुळाच्या दशम्या उत्तम. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला तर प्रकृती बिघडते आहे, मदत बोलवा. चार-सहा जणांचा ग्रुप शेल्टर, म्हणजे सगळ्यांना आत बसता येईल असं हलकं कापडी आच्छादन, अर्धा किलोच्या आसपास भरतो. गटात एक तरी हवाच.

मदतीसाठी ९९९ लावा, आधी ‘पोलीस’ मागा आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’. नुसती ॲम्ब्युलन्स मागितली तर निरोप फिरून जातो. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला जागेचा आकडा), जखम, माणसांची संख्या आणि कपड्यांचे रंग सांगा. नेटवर्क फक्त एसएमएसपुरतं असेल तर ९९९ ला मेसेज करता येतो, पण त्यासाठी आधी घरूनच ‘रजिस्टर’ शब्द ९९९ वर पाठवून नोंदणी करावी लागते. फोन नसेल तर शिट्टी : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तरादाखल तीन शिट्ट्या येतात. त्या आल्या तरी वाजवणं बंद करू नका, पथक आवाजावरूनच येतं. हे सगळे स्वयंसेवक आहेत आणि पैसे घेत नाहीत, म्हणून बिलाच्या भीतीनं उशीर करू नका. आणि फोन केल्यानंतर आपले आपण सुखरूप उतरलात तर लगेच पोलिसांना कळवा. तोवर ती माणसं तुम्हाला शोधत रात्रभर डोंगरावर असतात.