डक्टमधली भोकं: आगीची वाट बंद कशी करायची

जळगावात एखादा दवाखाना किंवा कॉम्प्लेक्स बघायला बोलावलं, की मी आधी विजेच्या डक्टचं, म्हणजे मजल्यामजल्यांतून केबली वर नेणाऱ्या उभ्या कप्प्याचं, दार उघडून मान वर करतो. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्याचा उजेड दिसला, तर लॉबीत टांगलेले लाल सिलिंडर मोजायची मला घाई नसते.

मी भुसावळचा, विजेची कामं घेतो. उमेदवारीची वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली केबल ओढण्यात गेली. तिथे केबल भिंतीतून पार झाली की मागोमाग भोक बंद करणारा माणूस यायचा. शहरातल्या कामांवर केबल ओढणारा पैसे घेऊन निघून जातो, भोक तसंच राहतं.

इमारतीचे आगीपुरते कप्पे केलेले असतात. जिना, विजेचा डक्ट, लिफ्टचा शाफ्ट, प्रत्येक मजला हा वेगळा कप्पा. मधल्या भिंती, स्लॅब आणि दारं आगीला तास-दोन तास अडवतील असा हिशोब असतो. पण दोन तास टिकणाऱ्या भिंतीला हाताच्या पंजाएवढं भोक असेल, तर धूर दोन मिनिटंही थांबत नाही. आणि माणसं बहुतेक वेळा धुरानेच जातात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली आणि धूर वर बाल्कनीत भरला. 59 जण गेले. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात डिसेंबर 2011 मध्ये आग तळघरात होती, धूर वॉर्डांत पोचला.

पहिलं काम पाहणीचं. सोबत बॅटरी, शिडी, खडू आणि मोबाइल घ्या. फॉल्स सीलिंगची टाइल उचलून भिंत खरंच वरच्या स्लॅबपर्यंत गेली आहे का ते बघा. बऱ्याचदा ती सीलिंगच्या वर वीतभर जाऊन संपलेली असते, कारण वरचं कोणाला दिसत नाही. एका बाजूचा दिवा मालवून दुसऱ्या बाजूने बॅटरी मारा. जिथून उजेड येतो तिथून धूरही येईल. प्रत्येक भोकाला खडूने नंबर द्या. वहीत मजला, लांबी-रुंदी, भिंतीची जाडी आणि आतून काय जातं ते लिहा: केबल, लोखंडी पाइप, प्लास्टिकचा पाइप की नुसतंच रिकामं. सामान या शेवटच्या रकान्यावरून ठरतं.

आत सापडणारी भरती बघून हसू येतं. थर्माकोल, गोणपाट, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, वरून पीओपीचा हात. एका दवाखान्यात तर पारव्याचं घरटंच होतं, काड्या वाळून कोळ झालेल्या. अमळनेरकडचा आमचा गवंडी म्हणाला, ‘‘भाऊ, त्याले काय व्हस? बंद तं शे ना!’’ बंद होतंच, पण ती भरती स्वतःच पेट घेणारी होती.

सगळ्यात वाईट सवय पिवळ्या फोमची. स्प्रे मारला, फुगला, कापला, झालं. हा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम जळतो. अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात 22 मार्च 1975 ला केबलच्या भोकातून हवा गळते का हे एक कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने बघत होता. भोकात भरलेल्या फोमनेच पेट घेतला आणि 1600 वर केबली खराब झाल्या. फायर रेटेड म्हणून विकला जाणारा फोमही अरुंद सांध्यांपुरता असतो. केबल ट्रेच्या, म्हणजे केबली ठेवायच्या पत्र्याच्या पन्हळीच्या, भगदाडात तो मारू नका.

सामान घेताना दुकानदाराकडे चाचणीचा कागद मागा. रेटिंग, म्हणजे आग किती तास अडेल तो आकडा, नुसत्या डब्याला मिळत नाही. ठरावीक जाडीची भिंत, ठरावीक मापाचं भोक, त्यातून जाणारी केबल किंवा पाइप आणि सीलंटची (फटी बुजवायच्या लगद्याची) खोली, या सगळ्याला मिळून ते मिळतं. तुमचं भोक त्या कागदात बसत नसेल, तर डब्यावर 2 तास छापलेलं असलं तरी उपयोग शून्य. भिंत 2 तासांची असेल तर भरावही 2 तासांचा हवा.

आता विजेच्या डक्टमधलं स्लॅबचं भोक, म्हणजे मुख्य काम. लाइन बंद करून घ्या, वापरात नसलेल्या केबली काढून टाका. जुनी भरती खरवडून काँक्रीटच्या कडा ब्रशने साफ करा. धुळीवर सीलंट धरत नाही. रॉकवूलच्या (दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या) कोटिंग केलेल्या पाट्या घ्या, घनमीटरला 140 ते 160 किलो घनतेच्या. एसीच्या डक्टला गुंडाळतात ती ग्लासवूल चालत नाही. दोन तासांच्या चाचणीत भट्टीचं तापमान 1000 अंशांच्या वर जातं, काच त्याच्या कितीतरी आधी वितळते.

पाटी भोकापेक्षा किंचित मोठी कापा, म्हणजे ती ताणात बसते. केबलींसाठी खाचा करून पाटी दोन तुकड्यांत बसवा. केबलींची जुडी आवळलेली असेल तर सोडवून सुटी करा, नाहीतर मधल्या फटी तशाच राहतात आणि धूर तिथूनच निघतो. माझी माणसं इथेच कंटाळतात, म्हणून हे काम मी उभं राहून करून घेतो. पाटीच्या कडा, सांधे आणि केबलीभोवतीची जागा फायर सीलंटने भरा. कागदात सांगितलं असेल तितक्या लांबीपर्यंत केबलींना आणि ट्रेलाही कोटिंगचा हात द्या. मग खालून बॅटरी मारा; एक तिरीपही दिसता कामा नये.

एक गोष्ट लोक विसरतात. ही पाटी माणसाचं वजन पेलत नाही. वरून ती स्लॅबसारखीच दिसते, मीटर बघायला आलेला माणूस पाय ठेवून सरळ खाली जाईल. वर लोखंडी जाळी बसवा आणि तिचा भार काँक्रीटवर द्या.

प्लास्टिकच्या पाइपचं गणित वेगळं. जळगाव तर पीव्हीसी पाइपचंच गाव. हा पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो, मग वितळून गळतो आणि 110 मिमीचं गोल भगदाड मोकळं होतं. बाहेरून कितीही सीलंट लावा, आतली पोकळी उरतेच. त्यासाठी फुगणारी कॉलर मिळते: आच लागली की आतला पट्टा फुगतो आणि मऊ पाइप चिरडून भोक बंद करतो. भिंतीत ती दोन्ही बाजूंनी लावायची, स्लॅबला खालून. बोल्ट लोखंडी अँकरचेच हवेत, प्लास्टिकचा गट्टू पाइपच्या आधी वितळेल. एसीचा डक्ट भिंत ओलांडत असेल तर तिथे फायर डँपर, म्हणजे आगीत आपोआप मिटणारी झडप, लागते. ते काम एसीवाल्याकडूनच करून घ्या.

आपल्याकडच्या उन्हाची एक सूचना. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सीलंटचे डबे ठेवू नका. पारा 45 वर गेला की आतला माल घट्ट होतो. काम सकाळी उरका. ॲक्रेलिक सीलंट पाण्याचं असतं, पावसाच्या ओलीत ते वाहून जातं, म्हणून ओल येणाऱ्या जागी त्याच कामाचं चाचणी झालेलं सिलिकॉन घ्या.

दारांचं सांगायलाच नको. जिन्याचं फायर डोअर हवा यावी म्हणून अर्धी वीट लावून उघडं ठेवलेलं असतं. वीट फेका, डोअर क्लोजर दुरुस्त करा आणि दार हात न लावता पूर्ण मिटतं का ते बघा.

प्रत्येक भरावाशेजारी स्टिकर लावा: नंबर, तारीख, सामानाचं नाव, किती तासांचं, कोणी केलं. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून नमुना ब, म्हणजे आगीपासून बचावाची व्यवस्था सुस्थितीत असल्याचा दाखला, घेऊन द्यावा लागतो. त्याच वेळी ही वही काढून नंबरवार फिरा.

आणि सीसीटीव्हीवाला, इंटरनेटवाला, एसीवाला यांच्या वर्क ऑर्डरमध्येच एक ओळ घाला: पाडलेलं भोक बुजवल्याचा फोटो आल्याशिवाय बिल निघणार नाही. फोटोत स्टिकरचा नंबर वाचता आला पाहिजे.