आधी वारा बघा, मग वल्हं उचला

कयाकमधल्या, म्हणजे दोन टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायच्या छोट्या बोटीतल्या, माझ्या पहिल्या सहलीत मला वाटलं होतं, आपल्याला हे उपजतच येतंय. तलावाकाठच्या उद्यानातून निघाले ती वीस मिनिटांत पलीकडच्या टोकाला. परत यायला मात्र सव्वा तास लागला. जाताना वारा पाठीशी होता. बोट तो ढकलत होता आणि श्रेय मी घेत होते! आता कुणा नवख्याला घेऊन गेले की वल्हं हातात देण्याआधी मी त्याला पाच मिनिटं काठावर नुसतं उभं करते.

झाडांचे शेंडे कुठे झुकतायत, पाण्यावरच्या सुरकुत्या कुठून कुठे सरकतायत ते बघा. वारा कुठला ते कळलं की वाट ठरली. अंगात ताकद आहे तोवर वारा तोंडावर घेऊन जायचं, दमल्यावर त्याच्याच जिवावर परतायचं. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसत असेल तर पहिल्या सहलीचा बेत सरळ पुढे ढकला. सकाळी पाणी बहुतेक वेळा शांत असतं. ऊन चढलं की वारा उठतो. म्हणून मी सात-साडेसातला पाण्यात असते आणि अकराच्या आत बाहेर. उरलेला दिवस उद्यानात सावलीला पडून राहायला आहेच.

नवखा माणूस तासाला साधारण तीन-चार किलोमीटर जातो. पहिल्या दिवशी जाऊन-येऊन तेवढंच अंतर ठेवा, तेही काठाकाठाने. तलावाच्या मधून गेलं की लवकर पोचू असं वाटतं खरं, पण मध्यावर वाऱ्याला आडोसा नसतो आणि हात भरून आले तर टेकायला जागाही नसते.

बोट मागताना आत पाय घालून नव्हे तर वर बसायची, रुंद कयाक मागा. तिच्यात पाय अडकत नाहीत आणि आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. ती भोकं बघून ‘बोट फुटली आहे’ असं ओरडणारे मी पाहिलेत. जोडीने बसायची बोट घेतलीत तर पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने तो ताल पाळत दिशा सांभाळायची. या बोटीला गमतीने घटस्फोटाची बोट म्हणतात. नवऱ्याबरोबर एकदाच बसले, नाव का पडलं ते कळलं.

लाइफ जॅकेटचे पट्टे खालून वर आवळत या, मग कुणाला तरी खांद्यांपाशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर एकतर सैल आहे, नाहीतर मोठं. ‘मला पोहता येतं’ ही सबब ऐकून घेऊ नका. गार पाण्यात अचानक पडलं की धाप लागते आणि श्वास काही वेळ आपल्या ताब्यात राहत नाही. तेवढा वेळ जॅकेटने तरंगत ठेवलं पाहिजे.

वल्हं डोक्यावर आडवं धरा. कोपरांत काटकोन झाला की हात योग्य जागी आले. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. मूठ सैल ठेवा. घट्ट आवळली तर अर्ध्या तासात तळहाताला फोड येतो. पातं पावलांपाशी पाण्यात घाला, कमरेपाशी बाहेर काढा. जोर दंडातून नको, धड वळवून लावायचा. पोट आणि पाठ दुखली तर जमतंय. नुसते दंड दुखत असतील तर चुकतंय. डावीकडे वळायचं असेल तर उजवीकडे पुढून मागे मोठा अर्धगोल काढा. थांबायला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उलटं वल्हवा. बोट सरळ जात नाही म्हणून वैतागू नका, नजर बोटीच्या पुढच्या टोकावर न ठेवता लांबच्या एखाद्या झाडावर ठेवा.

आता जे बहुतेक जण टाळतात ते. निघण्याआधी, काठाजवळ छातीभर पाण्यात, मुद्दाम उलटून बघा. बोट पालथी झाली की पहिलं काम म्हणजे तिला धरून ठेवायचं, सोडून पोहत सुटायचं नाही. पालथ्या बोटीवरून हात टाकून पलीकडची कड पकडा आणि मागे झुकून ती आपल्याकडे ओढा, ती सुलटी होईल. मग मधोमध या, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, जोरात मारा आणि पोटावर वर सरका. पोट बोटीवर आडवं आलं की कूस बदलून बसा, पाय शेवटी आत घ्या. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही, मला चौथ्याला जमलं. पण एकदा जमलं की पुढचा सगळा वेळ खांदे सैल राहतात. नवख्यांचे निम्मे कष्ट पडण्याच्या धास्तीनेच वाढतात.

फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि पिशवी बोटीला बांधलेली. शिट्टी मात्र जॅकेटलाच हवी. लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे मदतीची हाक. चष्म्याला दोरी. पिण्याचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. काठावरच्या कुणाला तरी परतायची वेळ सांगून निघा. ढग गडगडले तर लगेच काठ गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकू नका.

आणि उतरताना घाई नको. गुडघाभर पाण्यात बोट थांबवा, दोन्ही पाय एका बाजूला सोडा, तळ लागला की मग उभ्या राहा. मी त्या पहिल्या दिवशी सव्वा तास वाऱ्याशी झगडून कोरडी परतले आणि काठापासून दोन हातांवर बोटीत उभी राहिले.