सरबत पिऊनही भूक तशीच?

पेयातल्या साखरेनं पोट भरत नाही, जेवण तेवढंच होतं. ३०० मिली कोलात साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर. गुळाचं सरबतही त्याच माळेतलं. डाएट कोलात उष्मांक जवळपास नसतात, पण भूकही भागत नाही. तासाभरात फरसाणाचा डबा उघडला की बचत संपली.

१. आधी पेलाभर साधं पाणी. कधीकधी नुसती तहानच असते.
२. २०० मिली पाण्यात दोन मोठे चमचे कोकम आगळ, चिमूट जिरेपूड, एकच चहाचा चमचा साखर. आगळात मीठ असतंच, वरून घालाल तर खारट होईल.
३. सोबत मूठभर फुटाणे, चावून.

इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली तर मात्र साखरेचंच पाणी द्या. डाएट पेय तिथं निरुपयोगी.