एसएमपीएस बंद पडला? आधी जांभळी तार मोजा

नागपुरात कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे घरची वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलून देणारा डबा, बिघडतो मे महिन्यात, पण ते कळतं डिसेंबरात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत त्याहून थोडं कमी, आणि एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्यात दोन्हींपेक्षा बरंच जास्त. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या (चार्ज साठवणाऱ्या नळकांड्यासारख्या भागाच्या) आतला द्रव या उष्णतेनं वाळत जातो. ढोबळ हिशेब असा की, तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. असा अर्धा वाळलेला कपॅसिटर गरम असेतो काम ढकलतो. थंडीत मात्र त्याचा ईएसआर, म्हणजे अंतर्गत रोध, आणखी वाढतो आणि सकाळी बटण दाबलं तरी मशीन हूं की चूं करत नाही. प्लग लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर चालू होणाऱ्या मशीनचा आजार बहुतेक वेळा हाच असतो.

डबा उघडण्याची घाई नको. सॉकेटमध्ये बल्ब लावून बघा, पॉवर कॉर्ड बदलून बघा, मागचा स्विच बघा. जुन्या एसएमपीएसला मागे ११५/२३०चा लाल सरकता स्विच असतो. तो २३०वरच हवा. साफसफाईत तो ११५कडे सरकला आणि प्लग लावला, तर आतल्या कपॅसिटरांवर दुप्पट व्होल्टेज चढतं आणि फटाका फुटतो.

आता २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा, बाकीचे कनेक्टरही काढा. मल्टिमीटर डीसी २०वर ठेवा. काळा प्रोब कुठल्याही काळ्या तारेला, लाल प्रोब जांभळीला. ही स्टँडबायची तार. मशीन बंद असली तरी प्लग आणि मागचा स्विच चालू असला की तिच्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसलेच पाहिजेत. शून्य आले तर फ्यूज, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) किंवा स्टँडबायचं सर्किट गेलं. तीन-साडेतीन आले, किंवा आकडा नाचत राहिला, तर स्टँडबायचे कपॅसिटर वाळलेत असं धरून चाला.

जांभळी ठीक असेल तर हिरवी तार काळीला जोडा, म्हणजे एसएमपीएस मदरबोर्डशिवाय चालू होतो. इन्सुलेशन काढलेला तारेचा तुकडा पुरतो. हिरवी ही क्लिपच्या बाजूच्या रांगेत दोन काळ्या तारांच्या मध्ये असते. सगळ्याच तारा काळ्या असतील तर १६ नंबरची पिन मदरबोर्डच्या मॅन्युअलमधून शोधा, अंदाजानं नको. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं अजिबात नाही. पिवळ्या आणि काळ्या तारेच्या मध्ये बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब लावा, जमल्यास एखादी जुनी हार्ड डिस्कही लावा, आणि मग काळ्या तारेपासून व्होल्ट मोजा:

पिवळी ११.४ ते १२.६
लाल ४.७५ ते ५.२५
नारिंगी ३.१४ ते ३.४७
निळी उणे १०.८ ते उणे १३.२

करडी, म्हणजे सगळं ठीक असल्याचं मदरबोर्डला कळवणारी ‘पॉवर गुड’ची तार विसरू नका. बाकी सगळं बरोबर आल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ती ५ व्होल्टच्या आसपास गेली पाहिजे. ती उठली नाही तर मदरबोर्ड चालूच होत नाही आणि दोष उगाच रॅमच्या माथी बसतो.

पंखा एक झटका देऊन थांबत असेल तर आतलं प्रोटेक्शन काम करतंय. प्लग काढून प्रत्येक रंगाच्या तारेपासून काळीपर्यंत रोध मोजा. मीटरच्या नुसत्या बीपवर विसंबू नका. नारिंगी आणि लाल लाइनवर आत लोड रेझिस्टर असतात, त्यामुळे काही दहा ओहम दिसणं साधारण गोष्ट आहे. एक ओहमच्या खाली आला तर मात्र सेकंडरीचा, म्हणजे आउटपुटच्या बाजूचा, शॉटकी डायोड शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. आणि बाहेर सगळं नीट चालतंय, कॅबिनेटमध्ये लावलं की बंद पडतंय, तर एसएमपीएस बाजूला ठेवून मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड बघा.

डबा उघडायचा असेल तर इथून पुढे चूक माफ नाही. मोठे दोन २०० व्होल्टचे कपॅसिटर असतील तर दोन्ही मिळून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी धरून असतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये एकच ४०० ते ४५० व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि त्यावर ३८०च्या आसपास असू शकतात. चालू एसएमपीएस प्लग काढल्यावर बऱ्यापैकी रिकामा होतो. बंद पडलेला एसएमपीएस तो चार्ज तसाच धरून बसतो, म्हणून बंद पडलेलाच जास्त धोक्याचा. मीटर डीसी ६०० किंवा १०००वर ठेवून आधी मोजा, मग इन्सुलेटेड क्लिपांनी २.२ किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या पायांवर वीस सेकंद धरा, मग पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून रिकामा करण्याची पद्धत बाजारात सर्रास चालते; ती वापरू नका.

आत आधी डोळ्यांनी बघा. डेझर्ट कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या मशीनमध्ये ओल आणि धूळ मिळून हीटसिंकवर चिखलाचा थर बसतो. तो कोरड्या ब्रशनं काढा. कपॅसिटरांच्या पायाशी लावलेला गोंद मूळचा पिवळट असतो. तापून तो तपकिरी, कडक झाला की वीज वाहू लागतो आणि शेजारचे जंपर, म्हणजे बोर्डावरच्या जोडतारा, खातो, म्हणून तो खरवडून टाकावा. डोकं फुगलेले कपॅसिटर बदलायचेच. पण खरा चोर फुगत नाही: स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचा, बहुधा १० ते ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा करंगळीच्या टोकाएवढा कपॅसिटर. दिसायला नवा, आतून कोरडा. जांभळी तार कमी दाखवत असेल तर हा आणि जांभळीच्या आउटपुटवरचा १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा, दोन्ही बदला.

सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मिळतात. मागताना ‘लो ईएसआर, १०५ डिग्री’ असं स्पष्ट सांगा. साधा ८५ डिग्रीचा लावला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच काम. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि जाडी जागेत बसणारी. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे निगेटिव्ह, पण बोर्डावरची खूण प्रत्येक कंपनीत एकसारखी नसते.

फ्यूजची काच काळी पडली असेल तर नुसता फ्यूज बदलू नका, दुसराही क्षणात जाईल. डायोड मोडवर ब्रिज तपासा: प्रत्येक डायोड एका बाजूनं ०.४ ते ०.७, उलट बाजूनं ओएल, म्हणजे रेंजबाहेर. मग मुख्य मॉसफेटचा (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) ड्रेन आणि सोर्स तपासा, किंवा हाफ ब्रिज, म्हणजे दोन ट्रान्झिस्टरांची रचना, असेल तर १३००७ नंबरचे दोन ट्रान्झिस्टर. एक गेला असला तरी जोडीनं बदला आणि त्यांच्या बेसजवळचे छोटे रेझिस्टर मोजा, तेही सोबत जळलेले असतात. हीटसिंक आणि ट्रान्झिस्टरच्या मधली मायकाची चकती व स्क्रूचा प्लॅस्टिक वॉशर परत बसवा. मूळ रचनेत चकती असेल तर हीटसिंक आणि ट्रान्झिस्टरमध्ये कंटिन्युइटी (थेट जोडणी) येता कामा नये.

पहिली वीज सिरीज बोर्डवरूनच द्या, म्हणजे सॉकेट आणि एसएमपीएसच्या मध्ये सिरीजमध्ये १०० वॉटचा फिलामेंट बल्ब लावून. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी. बल्ब क्षणभर पेटून विझला, जांभळीवर ५ आले, की ठीक. भगभगून पेटतच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. पीएफसीचा एसएमपीएस लोडवर सिरीजमध्ये लुकलुकतो. तो दोष समजू नका.

मुख्य ट्रान्सफॉर्मर गेला असेल, किंवा बोर्ड कोळसा झाला असेल, तर दुरुस्ती सोडा. महागड्या ग्राफिक्स कार्डाला दुरुस्त केलेला एसएमपीएस लावू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर पेटतो, ही तक्रार महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांतून नेहमी ऐकू येते. बहुधा तो एसएमपीएसचा बिघाड नसतो. इनपुटचे वाय कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलच्या मधोमध बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात. वाय कपॅसिटर कापू नका, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

शेवटची तपासणी लोडवर अर्धा तास चालवून करा. मग प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी थंड असताना पहिल्याच दाबाला मशीन उठली, तरच झाकणाचे चारही स्क्रू कसा.