हिरड्यांतून रक्त येतंय? घरी काय करायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही

ब्रश करताना थुंकीत लाल दिसलं की आपण काय करतो, तर त्या जागेला ब्रश लावणंच बंद करतो, आणि तिथेच चुकतं. दात आणि हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, प्लाक म्हणतात त्याला, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला तरी रक्त सोडते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ धडधाकट लोकांना दात घासणं बंद करायला लावलं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण जाऊ शकते.

१. आधी ब्रश सुधारा. सॉफ्ट ब्रिसल घ्या, ४५ अंशात तिरका करून हिरडीच्या कडेवर टेकवा आणि जागच्या जागी हलकं हलवा, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. भांडी घासल्यासारखा जोर लावलात तर हिरडी खाली सरकते आणि ती परत वर येत नाही.

२. दातांमधल्या फटी साफ करा. ब्रश तिथे पोचतच नाही, त्यामुळे रोज एकदा फ्लॉस (फटीत घालायचा बारीक दोरा), फट मोठी असेल तर फटीत जाणारा छोटा ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून सोडू नका.

३. गुळण्या. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ, दुखरी हिरडी शांत होते. तेलाच्या गुळण्याही करा हवं तर, प्लाक थोडा कमी होऊ शकतो, पण ते ब्रशच्या जोडीला, ब्रशऐवजी नाही (आणि तेल बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो). क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश मात्र मनाने महिनोन्महिने वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात.

४. आता तोंडाबाहेरचं, जे बहुतेक जण सोडून देतात. तंबाखू आणि सिगरेट सगळ्यात वाईट, आणि वर फसवी, कारण सिगरेट ओढणाऱ्याला रक्त कमी येतं त्यामुळे हिरडी आतून खराब होत असली तरी कळत नाही. डायबिटीसचं तर दोन्ही बाजूंनी आहे, शुगर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात आणणं कठीण जातं, म्हणून उगाच रक्त येत राहिलं तर शुगर तपासून घ्या. फळं-भाज्या नीट खा, व्हिटॅमिन सी फार कमी पडलं तरी रक्त येतं. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, तेव्हाही ब्रश चालूच ठेवायचा.

५. किटण घरी काढायला जाऊ नका. प्लाक कडक झाला की त्याचं किटण होतं, मग कुठलंही तेल, मीठ, लवंग त्याला हलवू शकत नाही, आणि लिंबू-सोडा चोळणारे स्वतःच्या दातांचं इनॅमल घालवून बसतात. त्याला स्केलिंगच लागतं, म्हणजे डेंटिस्टकडून किटण काढून घेणं. स्केलिंगने दात सैल होतात असं सगळे सांगतात पण तसं नसतं, आधीच सैल झालेला दात किटणाने धरून ठेवलेला असतो, ते निघालं की हलायला लागतो एवढंच.

दोन आठवडे नीट करूनही रक्त थांबलं नाही, पू आला, तोंडाला सतत वास येतोय किंवा दात हलतोय, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डेंटिस्टकडे जा आणि पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या खाचेची खोली, मोजायला सांगा: १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ किंवा जास्त असेल तर आत हाड झिजतंय का ते एक्सरे काढून बघावं लागतं.